पाणी पाजलेल्या क्लिपा

दार ओढून घेताना हँडल हातात आलं, असं मला आधी वाटलं. हँडल नव्हतं. दाराचं आतलं आवरणच, हात टेकायच्या कठड्यासकट आणि काच खालीवर करायच्या बटणासकट, पत्र्यापासून अर्धंअधिक सुटून माझ्या मांडीवर कललं होतं. सानपाड्याच्या भाजी मार्केटबाहेर मी गाडी लावली होती. मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली, पण तो काही थांबायला तयार नव्हता. शेवटी तो पसारा उजव्या कोपराने दाबून धरला आणि पहिल्या गिअरमध्ये कशीबशी घरापर्यंत आले.

मेकॅनिक लोक त्या आवरणाला डोअर पॅड म्हणतात. दोन-तीन स्क्रू असतात, बाकी सगळा भार प्लास्टिकच्या क्लिपांवर. हे मला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? तळोज्याच्या एका मोल्डिंगच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी असल्याच क्लिपा तपासण्यात गेली. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. वर छत्रीसारखं डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली चार पाय. डोकं पॅडच्या मागच्या खाचेत सरकवायचं, त्या खाचेला आम्ही घर म्हणायचो, आणि पाय दाराच्या पत्र्यातल्या भोकात दाबायचे. टक् आवाज आला की बसली. आमचे मिस्टर चिडवायचे, "गाडीच्या कंपनीचं काम करते म्हणून गावभर सांगतेस आणि बनवता चिमटे." मी म्हणायचे, काढून टाका चिमटे आणि मग चालवा बघू गाडी.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरचा मुलगा टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, क्लिप सेपरेट नाही येत. फुल असेंब्ली चेंज करावी लागेल. आणि ह्या मॉडेलची असेंब्ली पण बंद झालीये."

"म्हणजे काय करायचं?"

"सर आहेत का? सरांशी बोलतो ना."

सर तीन वर्षांपूर्वी गेले, असं मी सांगितलं. तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि त्याने टॅबमध्ये पुन्हा पाहिलं. गाडीपुढे नाव आणि नंबर माझ्या मुलाचा होता. मी समोर उभी असताना, माझ्या हातात चावी असताना, त्याने पुण्यात माझ्या मुलाला फोन लावला आणि त्याला समजावून सांगितलं की गाडी जुनी झालीये, पार्ट मिळत नाहीत, आता काढून टाकलेलीच बरी. मी ऐकत होते. बाजारात दोन माणसांनी म्हशीच्या डोक्यावरून तिचा सौदा करावा आणि म्हशीने तो ऐकावा, तसं मला झालं.

मुलाचं नाव तिथे कसं आलं, तेही सांगते. मिस्टर गेल्यावर दिवसपाणी उरकलं आणि मुलाने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. विजेचं बिल, गॅस, गाडी. घरात मुलगा असला की सगळं त्याच्या नावावर जातं, त्यात विचारायचं काय, अशी आमच्याकडची रीत. मीही विचारलं नाही. तो दाखवेल तिथे सही करत गेले. गोणभर क्लिपांमधली एक तिरकी क्लिप मी लांबून हेरायचे, आणि आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा लॉट न बघता पास केला. मुलाने फसवलं नाही, त्याच्या मनातही तसं काही नव्हतं. पण माझा माझ्यावरचा राग गेलेला नाही.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, बास आता. रविवारी मी येतोय, एक डीलर बघितलाय. गाडी देऊन टाकू."

"एका पॅडसाठी?"

"पॅडचं नाही गं. गेल्या महिन्यात आरसा घासलास खांबाला. आता हे. उद्या आणि काहीतरी. माझ्या नावावर आहे ती, काही झालं तर जबाबदार मी. तुला टेन्शन नसेल, मला येतं."

"आणि मी फिरू कशाने?"

"कॅब आहेत ना. ॲपवर टाक, पाच मिनिटांत दारात."

"कॅबला आधी सांगावं लागतं कुठे जायचंय ते."

"मग सांग ना."

त्याला ते कळलं नाही, आणि फोनवर मला ते समजावता येईना.

मी गाडी शिकले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तोवर आयुष्यभर मी फक्त कामाला गेले. कारखान्यात, दळणाला, शाळेच्या मीटिंगला, दवाखान्यात, कोणाच्या लग्नाला नाहीतर मयताला. मिस्टरांना हृदयाचा त्रास सुरू झाला म्हणून शिकले, म्हणजे तेही कामच. ते डाव्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडायचे आणि माझ्या पायाखाली ब्रेक आहे हे त्यांना पटायचं नाही. ते गेल्यावर महिनाभर गाडी तशीच उभी होती. मग एका सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून सुरू केली आणि पामबीच रोडला लागले. करावे गावाच्या बाजूला वळले. खाडीवर एक बाई कोळंबी घेऊन बसली होती. मला कोळंबी नको होती, तरी तिच्याशी अर्धा तास बोलले आणि घरी आले. साठीला पोहोचलेल्या बाईला पहिल्यांदा कळलं की काम नसताना बाहेर पडता येतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी मी अशी निघते. कुठे, ते सिग्नलला ठरतं. हे ॲपमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

रविवारपर्यंत तीन दिवस होते. मुलाने पॅड हे कारण केलं होतं ना, मग ते कारणच ठेवायचं नाही, असं मी ठरवलं. असेंब्ली मिळत नाही म्हणे. बघू कशी मिळत नाही.

गुरुवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई अंथरली. उलथन्याला फडकं गुंडाळून पॅडच्या कडेने आत घातलं, तग धरून राहिलेल्या क्लिपा एकेक करून सोडवल्या, बटणाची वायर काढली, हँडलची तार काढली आणि पॅड चटईवर पालथा घातला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"मॅडम, पार्किंगमध्ये रिपेरिंग अलाउड नाहीये."

"रिपेरिंग कुठे? गाडी पुसतेय."

त्यांनी चटईवरच्या दाराकडे बघितलं.

"नीट पुसायची तर काढूनच पुसावी लागते," मी म्हटलं. ते लिफ्टकडे गेले. नंतर ग्रुपवर एक मेसेज आला, सर्व सदस्यांना उद्देशून. मी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पॅड उलटा केल्यावर दुखणं समजलं. अकरा क्लिपांपैकी पाच मोडलेल्या. ते काही विशेष नाही. पण तीन ठिकाणी क्लिपेचं घरच फाटलेलं होतं, म्हणजे पॅडलाच जोडून असलेली प्लास्टिकची खाच उपटून आली होती. सर्व्हिस सेंटरवाले असेंब्ली बदला म्हणतात ते यासाठी. क्लिप आणली तरी ती बसवणार कशात? घरच नाही तर पाहुण्याला उतरवणार कुठे?

प्लास्टिक म्हटलं की लोक गोंदाची ट्यूब काढतात. कारखान्यात कोणी तसं केलं असतं तर आम्ही त्याला चहाच्या सुट्टीपर्यंत हसलो असतो. आधी प्लास्टिक कुठलं ते बघायचं. मी फाटलेल्या घराचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास आला. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आम्ही पीपी म्हणायचो. बादल्या आणि खुर्च्या करतात ते. त्याला गोंद धरत नाही, आज चिकटला तर उद्या पापुद्र्यासारखा निघतो. मग मोडलेल्या क्लिपेचा पाय जाळला. केस जळल्यासारखा वास. नायलॉन. सव्वीस वर्षं नाकाने केलेली नोकरी नाकातच राहिली होती, आणि मला उगाच फार बरं वाटलं.

शुक्रवारी रिक्षाने तुर्भ्याला गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवर मोडकी क्लिप ठेवली. दुकानदाराने मागच्या भिंतीवर टांगलेलं एक पाकीट काढलं, त्याच्यावरची धूळ फुंकली आणि पुढे ठेवलं. अगदी तीच क्लिप. सेपरेट येत नाही म्हणणाऱ्या त्या टॅबवाल्याला हातोहात नेऊन दाखवावी असं मनात आलं होतं. पण घाई होती. घरी येऊन पार्किंगमध्येच पाकीट फोडलं आणि ज्या घरांना काही झालेलं नव्हतं त्यांच्यात क्लिपा सरकवल्या. बसतायत का ते बघावं म्हणून पॅड दाराला लावला आणि तळहाताने दाबला.

टक् असा आवाज यायला हवा होता. कट् असा आला. मग आणखी एकदा कट्.

दोन क्लिपांचे पाय मोडून दाराच्या पोकळीत पडले. तिसरी बोटांनी नुसती वाकवून पाहिली, तीही मोडली. मी तिथेच चटईवर बसले. वाटलं, मुलाचं खरं असेल. वय झालं. गाडीचंही आणि आपलंही. जुन्या वस्तूला हात लावला की ती जास्तच मोडते, हे आपल्याला कळायला हवं होतं.

अशा वेळी मी ज्या बाईला फोन करते ती नावड्याला राहते. कारखान्यात आम्ही दोघी एका टेबलावर होतो, समोरासमोर. मी तिला बाय म्हणते, तिच्या गावात वडीलधाऱ्या बायकांना म्हणतात तसं. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. गुडघे गेल्यापासून ती फारशी बाहेर पडत नाही. मी फोनवर सगळं सांगितलं. मुलगा, डीलर, रविवार, क्लिपा. तिने मुलाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"पानी पाजलंस का?" ती म्हणाली.

"कोणाला?" मी म्हटलं.

"क्लिपांना गो! पानी पाजलंस का नाय?"

कारखान्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. नायलॉनची वस्तू साच्यातून निघते तेव्हा ती कोरडी ठणठणीत असते, बिस्किटासारखी. वाकवली की मोडते. म्हणून प्रत्येक लॉट मोठ्या पिंपात घालून आम्ही पाण्यात उकळायचो. नायलॉन पाणी पितं. प्यायलं की लवचिक होतं, दाबलं तर वाकतं आणि परत उभं राहतं. त्याला आम्ही पाणी पाजणं म्हणायचो. पाणी न पाजलेला लॉट आमच्या टेबलावरून पुढे जात नसे. दुकानातलं पाकीट उन्हाच्या भिंतीवर किती वर्षं सुकत होतं कोण जाणे. नव्या आलेल्या पोरींना पहिल्या दिवशी आम्ही काय शिकवायचो? हेच. आणि मी, जिने शेकडो पोरींना हे शिकवलं, ती सुक्या क्लिपा ठोकत बसले होते.

"इसरलंस," बाय म्हणाली. "पोराव चिडलीस नि इसरलंस. ये हिकरं. गाडी घेऊन ये."

"दार उघडं आहे गं. आतून नुसता पत्रा."

"मग काय झाला? चालते ना?"

चालत होती. बटण पॅडमधून काढून वायरीला परत जोडलं, पॅड मागच्या सीटवर टाकला आणि निघाले. उजवीकडे दार म्हणजे नुसता उघडा पत्रा, त्याच्यावर फडफडणारा प्लास्टिकचा कागद, लोंबणाऱ्या वायरी. कळंबोलीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातला माणूस वाकून वाकून बघत होता. मी काच खाली करायला वायरीला लटकणारं बटण उचलून दाबलं आणि त्याला विचारलं, "काय पाहिजे?" त्याने मान वळवली. खरं सांगते, त्या दिवशी गाडी चालवताना मला जेवढी मजा आली तेवढी ती नवी कोरी असतानाही आली नव्हती.

बायच्या अंगणात दोन गोष्टी तयार होत्या. गॅसवर टोप, आणि भिंतीला टेकवलेली एक मोडक्या पायाची प्लास्टिकची खुर्ची.

"पीपी हाय," खुर्चीकडे बोट दाखवून ती म्हणाली. "वास घेतला मी."

क्लिपा टोपात टाकल्या. त्या उकळीने वर उसळू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर चाळणी पालथी घातली. तासभर उकळू दिलं. टोपातून येणारा तो हलका वास आला आणि आम्ही दोघी एकदम एकमेकींकडे बघून हसलो. तळोज्याच्या बाजूने वारा सुटला की नावड्यात कसकसले वास येतात. लोक नाकाला पदर लावतात, आणि लावायलाच हवा. पण त्या टोपाच्या वासावर आम्ही मुलं शिकवली, तिने घर बांधलं, मी सानपाड्याला फ्लॅट घेतला. त्याला मी नावं ठेवणार नाही.

क्लिपा पाण्यातच निवायला ठेवल्या आणि फाटलेल्या घरांकडे वळलो. बायच्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचं सोल्डरिंग आयर्न तिने जपून ठेवलं होतं. खुर्चीच्या पायाच्या सळईसारख्या पट्ट्या कापल्या. उपटलेलं घर जागेवर धरून त्याच्या बुडाशी आयर्नने खाच वितळवायची आणि त्यात खुर्चीची पट्टी वितळवून भरायची. पीपीत पीपी. जात एक असली की ते एकजीव होतं. पण नुसतं एवढं पुरत नाही, कारण दार रोज आपटलं जातं. बाय घरात गेली आणि चहाची जुनी गाळणी घेऊन आली. तिची स्टीलची जाळी कातरीने कापली, गरम करून घराच्या मुळाशी प्लास्टिकमध्ये बुडवली आणि वरून आणखी एक थर दिला. सिमेंटमध्ये सळई घालतात, तसंच ते.

ती धरायची आणि मी वितळवायचे. मध्येच तिचा हात सरकला आणि एक घर तिरकं बसलं.

"तोडून परत करू," मी म्हटलं.

"तिरका हाय, पण घट्ट हाय," ती म्हणाली. "मी नाय तशी?"

"टेबलावर असती तर तू स्वतःच बाजूला काढली असतीस."

"टेबलावर मी कुनाच्या तरी गाडीचा बगत होतो. यी तुजी हाय."

मी त्या तिरक्या घरावर फुंकर घातली. मग तिला विचारलं की मुलाने विकलीच तर? गाडी त्याच्या नावावर आहे. कायद्याने त्याचीच. बायने आयर्नची वायर काढली, ती व्यवस्थित गुंडाळली.

"मग मना नावड्यावरना कोन बाहेर काढील?" ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. गुडघे गेल्यापासून ती ज्या ज्या वेळी घराबाहेर पडली होती, त्या त्या वेळी माझ्याच गाडीतून पडली होती, हे मला तोवर मोजावंसं वाटलं नव्हतं. खाडीवर, बाजारात, एकदा नुसतं आइस्क्रीम खायला. तिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, मी माझ्यासाठी फिरते.

शनिवारी सकाळी परत गेले. क्लिपा रात्रभर पाण्यात होत्या. एक घेतली आणि पाय पूर्ण वाकवला. वाकला, सोडल्यावर उभा राहिला. दोघींनी मिळून अकराच्या अकरा क्लिपा घरांत सरकवल्या, पॅड दाराच्या वरच्या कडेला अडकवला, बटण बसवून वायर जोडली, हँडलची तार जोडली. मग मी खालच्या कोपऱ्यापासून तळहाताने दाबत गेले. टक्. टक्. टक्. बाय प्रत्येक टक् आवाजाला एक बोट दुमडून मोजत होती. तिरकं घर शेवटी आलं. मी तळहात टेकवून दाबलं. टक्. बायने जाऊन दार स्वतः आपटून बघितलं, सूनबाईवर राग काढावा तसं, तीन वेळा. पॅड केसभरही हलला नाही.

रविवारी अकरा वाजता मुलगा आला. सोबत डीलर. मी खाली पार्किंगमध्येच होते. मुलाने वाकून नमस्कार केला, आणि मग दार उघडून बघितलं.

"अरे? हे कोणी केलं?"

"मी. बायच्या मदतीने."

तो पॅडवर बोटं फिरवत राहिला. कुठे जोड सापडतो का बघत होता. जोड सगळे मागे होते, त्याला काय सापडणार. त्याचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, जमलं. कारण संपलं. आता तो म्हणेल, राहू दे आई.

डीलरने दार दोनदा आपटलं. "एकदम कंपनी फिटिंग हाय, मावशी," तो म्हणाला. "दाराचं काम निघेल म्हणून मी भाव पाडून धरला होता. आता वाढवून देतो."

"बघ आई!" मुलगा म्हणाला. "तुझ्यामुळे चांगला भाव आला."

करायला गेले काय आणि झालं काय. रविवारपर्यंत कारण मोडायचं म्हणून मी बोटं भाजून घेतली होती, आणि माझ्याच हाताने गाडी विकायला सजवून ठेवली होती. मुलगा मनापासून खूश होता. माझ्या कौतुकाने खूश होता, हे सगळ्यात वाईट. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर मी भांडले तरी असते.

डीलरने बोनेटवर कागद पसरले. विक्रीचे फॉर्म. त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे, ती मला त्या दिवशी कळली. विकणाऱ्याच्या सह्या आधी घेऊन ठेवतात आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडतात. पुढे गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचं. मुलगा माझ्याकडे पाठ करून, डीलर दाखवेल तिथे सही करत गेला. तीन वर्षांपूर्वी मी केल्या तशाच, न वाचता. एक, दोन, तीन.

"मावशी, जरा चावी," डीलर म्हणाला.

मी चावी दिली नाही. मी पुढे झाले आणि बोनेटवरचा पहिला फॉर्म उचलला. चष्मा लावला. या वेळी वाचला, वरपासून खालपर्यंत. ते दोघं थांबले होते. डीलरने घड्याळात बघितलं, तरी मी वाचत राहिले. वाचून झाल्यावर मुलाच्या हातातलं पेन घेतलं आणि घेणाऱ्याच्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं. आधी माझं, मग मिस्टरांचं, मग आडनाव. पत्ता लिहिला. दुसरा फॉर्म घेतला, त्याच्यावरही लिहिलं.

"ओ मावशी, हे काय करताय!" डीलर म्हणाला.

"गिऱ्हाईक मिळालं," मी म्हटलं.

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा माझ्याकडे बघत होता. लहानपणी त्याचा पाय मुरगळला होता, तेव्हा मी त्याला न विचारता एका झटक्यात तो सरळ केला होता. तसाच चेहरा. दुखलंय, पण रडायचं की नाही ते ठरत नाही.

"आई, काही झालं तर..."

"जबाबदार मी," मी म्हटलं आणि खाली सही केली.